लस टोचणारा माणूस : वाल्डेमार हाफकिन

उद्यमबागेतून टिळकवाडीकडे यायचं म्हटलं की तिसरं रेल्वे गेट लागतं. गेट पडलेलं असलं तर दहा मिनिटं तिथंच जायची. ते ओलांडून पुढं आलं की थोड्या वेळानं व्हॅक्सीन डेपोचं मैदान. आपल्यापैकी बहुतेकांना हे मैदान माहीत आहे ते प्रदर्शनं, मोठ्या सभा, सकाळचं फिरणं आणि क्रिकेट यासाठी. मला तर कितीतरी वर्षं 'डेपो' म्हटलं की बसचाच डेपो वाटायचा. इथं खरोखरच लस तयार व्हायची, हे कळायला बारावी उजाडली. देवीची लस. ती वासरांच्या कातडीवर वाढवायची, खरवडून काढायची आणि गावोगाव पाठवायची. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं.

मंडळाच्या अंकासाठी विज्ञानाशी संबंधित एखाद्या माणसाचं चरित्र लिही असं सरांनी सांगितलं, तेव्हा या डेपोवरूनच मला हाफकिन आठवला. त्याचा या डेपोशी थेट संबंध नाही. त्याची लस देवीची नव्हती, पटकीची आणि प्लेगची होती. पण मुंबईतून निघालेली त्याची प्लेगची लस १८९८ च्या साथीत आपल्या बाजूलाही पोचली होती. शेजारच्या हुबळीत तर हजारोंनी लोकांनी ती टोचून घेतली. आमच्या आज्जीच्या माहेरी, खानापूर तालुक्यात, उंदीर पडायला लागले की गाव सोडून मळ्यात खोपी घालून राहायचं, अशी तिच्या सासूनं सांगितलेली गोष्ट ती अजून सांगते. उंदीर का पडतात आणि त्यामागून माणसं का पडतात, हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. डॉक्टरांनाही नाही.

वाल्डेमार हाफकिनचा जन्म १५ मार्च १८६० चा, तेव्हाच्या रशियन साम्राज्यातल्या ओडेसा या बंदराच्या गावी. घर ज्यू, फार पैसेवाल्यांचं नाही. ओडेसाच्या विद्यापीठात तो प्राणिशास्त्र शिकला. तिथं त्याला शिकवायला होते इल्या मेचनिकॉव्ह. शरीरातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळतात हे दाखवून पुढं नोबेल मिळवणारे, तेच हे. पोरगा हुशार होता, पण शांत बसणारा नव्हता. झारशाहीविरुद्धच्या गुप्त चळवळीत तो होता. १८८१ मध्ये ज्यू वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा वस्तीच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत तो होता. त्यात तो जखमी झाला आणि वर त्यालाच अटक झाली. मेचनिकॉव्ह मध्ये पडले म्हणून सुटला.

पदवी झाली, संशोधन झालं. प्राध्यापकी मात्र मिळाली नाही. अट एकच होती, ज्यू धर्म सोडून रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचा बाप्तिस्मा घ्यायचा. त्यानं नकार दिला. आपण ख्रिस्ती मंडळींनी चालवलेल्या कॉलेजात शिकतो आणि इथं कुणी कुणाला तू कोण म्हणून विचारत नाही, म्हणून ही गोष्ट वाचताना मी जरा थांबले. बाप्तिस्मा ही श्रद्धेची गोष्ट आहे. सरकार ती नोकरीच्या अर्जाबरोबर मागायला लागलं की तिचं काय होतं, ते इथं दिसतं. हाफकिनला त्या एका नकारापायी देश सोडावा लागला. १८८८ मध्ये तो जिनिव्हाला गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसला, लुई पाश्चरच्या संस्थेत. मेचनिकॉव्ह तोवर तिथं पोचले होते. जागा रिकामी होती ती ग्रंथपालाची. त्यानं ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत बसायचं.

तिथं त्यानं पटकीचा जंतू धरला. पटकी म्हणजे कॉलरा. हा जंतू त्यानं गिनीपिगांच्या पोटातून एकामागून एक असा काढत नेला आणि त्याचं विष पक्कं केलं. दुसरीकडे उष्णतेनं तोच जंतू दुबळा केला. आधी दुबळा टोचायचा, काही दिवसांनी जहाल. प्राण्यांवर जमलं. माणसावर जमेल का? १८ जुलै १८९२ ला त्यानं ती लस स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली, चार दिवसांत उठून कामाला लागला. मग काही रशियन मित्रांना टोचली.

इथं एक गोष्ट ध्यानात घ्यायला पाहिजे. स्वतःला टोचून घेतल्यानं एवढंच कळतं की ही लस माणसाला मारत नाही. ती पटकीपासून वाचवते का, हे त्यातून कळत नाही. खुद्द पाश्चर आणि मेचनिकॉव्ह यांचाही लगेच विश्वास बसला नव्हता, आणि मला वाटतं त्यांचं बरोबरच होतं. हाफकिनला आता साथ असलेला मुलूख हवा होता. रशियानं नकार दिला. पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, आधी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय राहिलेले. त्यांनी हिंदुस्थान सुचवला. आपल्या देशात त्या काळी पटकीची वाण नव्हती, हे आपलं दुर्दैव आणि त्याची सोय.

मार्च १८९३ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. इंग्रज नव्हता, रशियाचा होता, आणि रशिया तेव्हा इंग्रजांचा वैरी. त्यात ज्यू. लष्करी वैद्यकीय खात्यातल्या साहेबांना तो डोळ्यांत खुपायचा, असं त्याच्याबद्दल वाचताना पानोपानी जाणवतं. लोकांना तर तो अजूनच परका. कलकत्त्याच्या बस्त्यांत दगडफेक झाली. तेव्हा त्यानं शर्ट वर करून सगळ्यांदेखत सुई टोचून घेतली, आणि त्यानंतर लोक पुढं आले असं सांगतात. त्याच्याबरोबर काम करणारे बंगाली डॉक्टर होते. वस्तीत जाऊन बोलायचं काम त्यांचंच असणार. त्यांची नावं चरित्रांत घाईघाईनं येतात आणि निघून जातात.

१८९४ मध्ये काटल बागान नावाच्या बस्तीत पटकी लागली. दोनशेच्या आसपास वस्ती. त्यातल्या ११६ जणांनी लस घेतली. पुढच्या दिवसांत त्या बस्तीत आणखी १० जण आजारी पडले आणि ७ मेले. हे सगळे लस न घेतलेल्यांतले. एकच तळं, एकच पाणी, एकच गल्ली. यामुळं हा आकडा बोलका ठरला. एरवी लस घेणारे शिकलेसवरलेले, स्वच्छ घरांतले आणि न घेणारे गरीब असं असेल, तर फरक लशीनं पडला की घरानं, हे सांगता येत नाही.

दोन वर्षं तो गाड्यांतून, बैलगाड्यांतून फिरत राहिला, आसामच्या चहामळ्यांपर्यंत. मलेरियानं झोपवलं, तेव्हा युरोपात जाऊन आला. परत आला तेव्हा मुंबईत प्लेग सुरू होणार होता.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात गाठीचा ताप आहे आणि तो प्लेगच आहे, हे पहिल्यांदा ओळखलं डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. हे मूळ गोव्याचे, हडफड्याचे. सरकारनं हाफकिनला मुंबईत बोलावलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तो आला. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला, हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. शहरातून माणसं लाखांनी पळत होती. उरलेल्यांच्या घरांत सरकारी माणसं शिरत होती. आजाऱ्याला उचलून दवाखान्यात, घरच्यांना छावणीत, सामान बाहेर काढून जाळायचं, छप्पर उचकटायचं. १८९७ च्या फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला, तोच जो २०२० मध्ये आपल्यावर पुन्हा लागू झाला. आर्थर रोडच्या दवाखान्यावर तर गिरणी कामगारांनी ऑक्टोबरातच हल्ला केला होता. दवाखान्यात नेलेला माणूस परत येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. पुण्यात काय झालं ते आपण शाळेपासून शिकलोय: रँड, गोऱ्या सोल्जरांची झडती, आणि २२ जून १८९७ ला चापेकरांची गोळी. त्याच साथीत, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता प्लेगनं गेल्या, १० मार्च १८९७ ला.

या सगळ्या आरडाओरडीत एक माणूस व्हरांड्यात बसून मटणाचा रस्सा उकळत होता. खरंच. प्लेगचा जंतू वाढवायला त्याला रस्सा लागायचा आणि तो बकऱ्याच्या मटणाचा केला, गाईचा नाही नि डुकराचा नाही, म्हणजे हिंदू-मुसलमान दोघांचीही अडचण नको. त्या रश्श्यावर तुपाचे थेंब सोडायचे. तुपाला धरून जंतू खाली लोंबत वाढायचे, गुहेत छताला चुनखडीचे लोंगर लोंबतात तसे. बाटली हलवली की ते गळून तळाशी बसायचे आणि पुन्हा नवे वाढायचे. असं काही आठवडे चालायचं. मग सगळा पाक ६५ अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे, कार्बोलिक ॲसिड थोडं घालायचं, आणि झाली लस. पटकीच्या लशीत जिवंत जंतू होते, यात मेलेले. तुपाची ही युक्ती मला फार आवडली. पॅरिसमध्ये हे सुचलं नसतं असं आपलं माझं मत.

१० जानेवारी १८९७ ला त्यानं पुन्हा स्वतःला टोचून घेतलं, इतरांना पुढं जेवढा डोस देणार होता त्याच्या तिपटीहून जास्त. जोरात ताप आला. पण पुन्हा तेच. या तापानं काय सिद्ध होतं?

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. लस ज्यांना हवी त्यांना द्यायची असं ठरलं. निम्म्याच्या आसपास कैद्यांनी घेतली. ज्या दिवशी टोचलं त्याच संध्याकाळपर्यंत लस घेतलेल्यांतले तिघं आजारी पडले. ते मेले. त्यांच्या अंगात रोग आधीच होता, म्हणून त्यांना हिशेबातून वेगळं काढलं. पण वेगळं काढलं हे लिहून ठेवलं. उरले लस घेतलेले १४७, त्यांत २ आजारी, मेला एकही नाही. न घेतलेले १७२, त्यांत १२ आजारी आणि ६ मेले.

त्या तिघांवर मी बराच वेळ अडकले होते. लस घेतली आणि संध्याकाळी मेला, ही बातमी तुरुंगाबाहेर कशी पोचली असेल? लशीनं मारलं, अशीच. आणि सांगणारा खोटं बोलत नव्हता. त्यानं जे पाहिलं तेच सांगितलं.

तुरुंगातले कैदी मोकळेपणानं हो-नाही म्हणू शकतात का, हा प्रश्न आज कुणीही विचारेल. तेव्हा फार कुणी विचारला नाही.

तुरुंगाच्या भिंतीबाहेरही आकडे जमायला लागले. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये ८,२३० वस्तीपैकी २,१९७ जणांनी लस घेतली, त्यांत ३६ मेले. ६,०३३ जणांनी घेतली नाही, त्यांत १,४८२ मेले. मुंबईत तरुण आगाखानांनी आपल्या खोजा समाजासमोर स्वतः टोचून घेतलं आणि हजारो खोजे मागून आले. माझगावचा आपला बंगलाही त्यांनी प्रयोगशाळेला दिला. सरकारी शिपायानं दार ठोठावून जे झालं नव्हतं, ते आपल्यातल्या एकानं बाही वर केल्यावर झालं. हाफकिनचाही जबरदस्तीवर विश्वास नव्हता. लस ज्याला पटेल त्यानं घ्यावी, हेच त्याचं धोरण राहिलं.

पण सगळ्यांत महत्त्वाचं गाव म्हणजे उंढेरा. बडोदा संस्थानातलं, म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या राज्यातलं लहानसं खेडं. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथं प्लेग चालू होता. हाफकिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गावातल्या प्रत्येक घरातली माणसं समोर बसवली आणि घरातल्या निम्म्यांना टोचलं, निम्म्यांना नाही. जिथं एक आई, एक बाप, चार पोरं, तिथं तिघांना सुई आणि तिघांना नाही. दीड महिन्यानंतर पुन्हा येऊन मोजलं. ज्या २८ घरांत प्लेग शिरला होता, त्या घरांत लस घेतलेले होते ७१. त्यांतले ८ आजारी पडले, ३ मेले. न घेतलेले होते ६४. त्यांतले २७ आजारी पडले, २६ मेले.

हे आकडे मी घरी जेवताना सांगितले. आईनं फक्त एवढंच विचारलं की त्या चौसष्टांना कुणी सांगितलं होतं का. मला उत्तर देता आलं नाही. आज कुठल्याही संस्थेच्या नैतिकता समितीपुढं हा प्रयोग असा उभा राहिला नसता. लेखी संमती नाही, साथ डोक्यावर, आणि लस हातात असताना अर्ध्यांना न देणं. आणि तरीही या एका गावानं जे सिद्ध केलं ते दमणच्या हजारोंनी केलं नव्हतं. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच उंदरांच्या घरात निजणारी माणसं होती ती. शिकलेला-अडाणी, श्रीमंत-गरीब, स्वच्छ-अस्वच्छ असा सगळा फरक घराच्या उंबऱ्याबाहेर राहिला. आत फक्त सुईचा फरक.

मी हे लिहिते त्याला कारण आहे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आमच्या शेजारचे काका गेले. त्यांना लस मिळत होती, घेतली नव्हती. आमच्या इथल्या शेडमधून तेव्हा कुणीच घेत नव्हतं, ताप येतो, रोजंदारी बुडते, आणि कोण कोण घेऊन मेलं याच्या बातम्या मोबाइलवर. बाबाही आज-उद्या करत होते. काका घेतली असती तर वाचले असते का? काकू अजून विचारतात. याचं उत्तर विज्ञान देऊ शकत नाही. एका माणसाबद्दल ते कधीच देत नाही. ७१ आणि ६४ शेजारी शेजारी ठेवल्यावर त्याला बोलता येतं, आणि तेव्हाही ७१ मधल्या ३ जणांच्या घरच्यांना त्याचा काही उपयोग नसतो. लशीबद्दल समाजात जी भांडणं होतात त्यातली अर्धी या ठिकाणी होतात असं मला वाटतं. आपण आपल्या एका माणसाबद्दल विचारत असतो आणि समोरचा आकडेवारी सांगत असतो. दोघंही खरे.

१० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा रीतसर सुरू झाली. बंगला त्याआधी गव्हर्नरांचा आणि त्याच्याही आधी, पोर्तुगीज काळात, पाद्र्यांचा मठ. हाफकिन तिचा प्रमुख. इंग्लंडच्या राणीनं किताब दिला होता, तो ब्रिटिश नागरिकही झाला. सरकारनं नेमलेल्या प्लेग कमिशननं त्याच्या आकडेमोडीत चुका काढल्या, डोस सारखा राहत नाही म्हणून टीका केली, आणि शेवटी लस उपयोगी आहे असंही म्हटलं. टीका बऱ्याच अंशी रास्त होती. आपली लस दुसऱ्यानं ठोकून बघितली हे हाफकिनला आवडलं नसेल, पण शास्त्राची रीत तीच आहे. उलट पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानं १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं की उंदरावरची पिसू प्लेग पसरवते, तेव्हा त्याला लोक हसले. काही वर्षांनी याच परळच्या आवारात तेच पुन्हा तपासलं गेलं आणि खरं निघालं. आमच्या आज्जीच्या सासरचे लोक उंदीर पडले की गाव सोडत होते, ते बरोबर करत होते.

१९०२ मध्ये पंजाबात साथ भडकली. सरकारला लाखांनी डोस हवे होते. एवढी लस रश्श्या-तुपाच्या पद्धतीनं होणं शक्य नव्हतं. हाफकिननं पद्धत बदलली. आगरवर जंतू वाढवायचे, आणि कार्बोलिक ॲसिड न घालता फक्त तापवून निर्जंतुक करायचं. पॅरिसमध्ये अशी रीत होती.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मुलकोवाल गाव. त्या दिवशी १०७ जणांना लस टोचली, पाच बाटल्यांतून. चार बाटल्यांतल्या लोकांना काहीच झालं नाही. पाचवीतल्या १९ जणांना आठवडाभरानं धनुर्वात झाला आणि १९ च्या १९ मेले. बाटलीचा नंबर ५३-एन.

ही गोष्ट सांगायला लागले तशी बाबांनी हातातलं काम ठेवलं. ते फाउंड्रीत इन्स्पेक्शनला आहेत. आमच्याकडे भट्टीतून लोखंड ओतलं की त्या ओतीला हीट नंबर पडतो आणि त्यातून निघालेल्या प्रत्येक कास्टिंगवर तो येतो. सहा महिन्यांनी कुठं तडा गेला तर नंबर बघून मागं मागं जायचं. कुठली भट्टी, कुठला माल, त्या दिवशी पाळीला कोण. बाबांना हाफकिन कोण ते ठाऊक नव्हतं. रजिस्टरात काय लिहिलं होतं, हेच त्यांनी आधी विचारलं.

रजिस्टरात होतं ते असं. बाटली परळमध्ये भरून महिन्याहून अधिक काळ झाला होता. मुलकोवालला ती उघडताना मदतनिसाच्या हातातला चिमटा जमिनीवर पडला. त्यानं तो कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून काढला आणि त्याच चिमट्यानं बूच ओढलं. विस्तवावर धरला नाही. धनुर्वाताचे बीज मातीत असतात आणि असल्या घाईच्या बुडवण्यानं मरत नाहीत. बाटली उघडली तेव्हा तिला वाईट वास आला नाही, अशीही साक्ष होती. बंद बाटलीत महिनाभर धनुर्वाताचे जंतू वाढत असते तर वास आल्याशिवाय राहिला नसता. आणि तसं असतं तर विष तयारच होतं, माणसं सात-आठ दिवस थांबली नसती, लवकर पडली असती.

पण चौकशी कमिशननं कल दिला तो परळमध्येच घाण शिरली असावी या बाजूला, आणि ठपका आला कार्बोलिक वगळणाऱ्या हाफकिनवर. १९०३ मध्ये त्याला कामावरून दूर केलं. ज्या माणसानं पद्धत बदलली, त्याच्यावर संशय येणं समजू शकतं. मला समजत नाही ते हे की साक्षीचे कागद सरकारजवळ असताना ते वर्षानुवर्षं बाहेर आले नाहीत. अहवाल जाहीर झाला तो १९०७ साली. तोवर तो इंग्लंडमध्ये पत्रं लिहीत बसला होता, आणि इकडे पंजाबातली लसीकरणाची मोहीम कोलमडली होती. १९०७ या एका वर्षात हिंदुस्थानात प्लेगनं दहा लाखांहून अधिक माणसं मेली, त्यांतली बरीचशी पंजाबात. मुलकोवालची बातमी आणि ते मरण यांचा नेमका हिशेब कुणाला मांडता येणार नाही. पण १९ जणांच्या मरणाची बातमी ज्या गावांत पोचली असेल, तिथं पुढच्या खेपेला सुईपुढं हात कोण करणार?

लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटनं कागद पुन्हा तपासले. कलकत्त्याला पहिल्या दिवसांत त्याला साथ देणारे डब्ल्यू. जे. सिम्पसन आता लंडनमध्ये प्राध्यापक होते. ते पुढं आले. मलेरियाचा डास ओळखणारे रोनाल्ड रॉस, नोबेलवाले, यांनी जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये पत्र छापलं, आणखी नऊ नामवंतांच्या सह्यांसह. दोष गावात बाटली उघडताना झाला, परळमध्ये नाही, असं त्यांचं म्हणणं. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्यावर खोटा आरोप ठेवून झालेली शिक्षा तेव्हा लोकांच्या ताजी आठवणीत होती, आणि हाफकिनच्या प्रकरणाला धाकटं ड्रेफस प्रकरण म्हणणारेही निघाले. वर्षाअखेर सरकारनं त्याला परत नोकरी देऊ केली.

तो परत आला, पण परळला नाही. ती खुर्ची भरलेली होती. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत जागा मिळाली, तीही माणसांवर लशीचे प्रयोग करायचे नाहीत या बंधनासह. उंढेऱ्याला प्रत्येक घर मोजणारा माणूस आता टेबलावर कागदी शास्त्र करत बसला. वय ५५ झालं, नियमाप्रमाणं निवृत्त झाला आणि युरोपात गेला. त्या मदतनिसाचं पुढं काय झालं, याची चर्चा मला कुठं सापडली नाही. चिमटा कुणाच्याही हातून पडतो. पडलेला चिमटा विस्तवावर धरायचाच, ही शिस्त हातात बसेपर्यंत शिकवणं हे कुणाचं तरी काम होतं, आणि खेड्यात एका दिवसात शंभरावर माणसं टोचायला लावणंही कुणाचा तरी हुकूम होता.

उरलेलं आयुष्य थोडक्यात. लग्न केलं नाही. फ्रान्समध्ये, मग स्वित्झर्लंडमध्ये लोझानला राहिला. ज्या धर्मासाठी तरुणपणी प्राध्यापकी सोडली, त्याच्या रीतीभाती म्हातारपणी अगदी काटेकोर पाळल्या, त्यावर १९१६ मध्ये एक लेखही लिहिला, आणि साठवलेले पैसे पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांसाठी ठेवले. जंतुशास्त्रज्ञ आणि इतका धार्मिक, याचं काहींना नवल वाटतं. मला फारसं वाटलं नाही.

लस चालूच होती. १८९७ पासून १९२५ पर्यंत मुंबईतून प्लेगच्या लशीचे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव दिलं. तेव्हाचे प्रमुख कर्नल मॅकी यांनी ते सुचवलं होतं. बातमी कळल्यावर हाफकिननं आभाराचं पत्र धाडलं आणि आपल्या आयुष्याची सगळ्यांत चांगली वर्षं मुंबईच्या कामात गेली असं त्यात कळवलं. मुलकोवालनंतर त्या आवारात काम करायला तो पुन्हा कधी आला नाही. २६ ऑक्टोबर १९३० ला लोझानला तो वारला.